खेळाची जनआवृत्ती : गेम-निर्मात्यांस अनावृत पत्र

राजाजीनगर, बंगळूर

बंगळुरात व भारतात अन्यत्र व्हिडिओ गेम घडविणाऱ्या सर्व लहानथोर मंडळींस,



मी पेशाने हिशेबनीस. या शहरातील एका सरकारी कारखान्याच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेल्या माणसाने आपणांसारख्या तरुण कलावंतांना पत्र लिहावे, आणि तेही खेळाविषयी, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. म्हणून आरंभीच सांगतो, की निपाणीहून डिप्लोमाच्या शिक्षणासाठी माझ्याकडे येऊन राहिलेला माझा भाचा आणि मी, असे आम्ही दोघे, गेली तीन वर्षे रात्रीची जेवणे आटोपल्यावर एकाच संगणकासमोर दोन खुर्च्या ओढून बसतो. कीबोर्ड त्याच्या हाती असतो, नकाशा व टिपणवही माझ्या हाती असते, आणि आपण उभ्या केलेल्या दऱ्याखोऱ्यांतून, ओसाड नगरांतून, भर पावसातल्या रस्त्यांवरून हिंडताना आम्हां मामाभाच्यांना जो आनंद लाभला आहे, तो माझ्या उतारवयातील एक मोठा ठेवा आहे. ज्याने दिले त्याच्याकडेच आणखी मागावे, या न्यायाने ही विनंती आपणांकडे रुजू करीत आहे.

आमचा संगणक एस. पी. रोडवरचा आहे. सदर पत्रप्पा रस्ता हे ज्याचे पूर्ण नाव, तो टाउन हॉलपासून पायी जाण्याजोगा गजबजलेला बाजार आपल्यापैकी बंगळुरात राहणाऱ्या बहुतेकांनी पाहिला असेलच. जवळच्या अव्हेन्यू रोडवर जशी पुढच्या इयत्तेत गेलेल्या मुलांची पुस्तके मागून येणाऱ्या मुलांच्या हाती पडतात, तसे या बाजारात, कचेऱ्यांनी तीनचार वर्षांच्या भाडेकराराची मुदत संपताच परत केलेले संगणक झाडूनपुसून पुन्हा मांडलेले असतात, आणि ज्यांच्या घरात यापूर्वी कधी संगणक आला नाही अशी कुटुंबे शनिवारी दुपारी मुलांना घेऊन ते पाहावयास येतात. आमचे यंत्र डेल कंपनीचे ऑप्टिप्लेक्स, चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचे, आठ जीबी रॅमचे; कोणत्या कचेरीत त्याने आपली उमेदीची वर्षे घालविली हे कळावयास मार्ग नाही, परंतु कॅबिनेटच्या कडेला मालमत्ता-क्रमांकाची अर्धवट खरवडलेली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, आणि ज्याने आयुष्यभर अशाच क्रमांकांच्या नोंदवह्या लिहिल्या त्या मला ती काढून टाकवत नाही.

दुकानदाराने झाकण उघडले, पोलादी पट्टीने आतली जागा मोजली आणि म्हणाला, “लो प्रोफाइल कार्डच बसेल, सार. एसएमपीएस लहान आहे, वेगळी वायर लागणारं कार्ड नको.” म्हणून २०१६ साली निघालेले जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड घेतले, जे मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळणाऱ्या पंचाहत्तर वॅटवर भागविते. जमाखर्च असा : यंत्र ८,५०० रुपये, जुने कार्ड ५,२००, एसएसडी १,४००, थर्मल पेस्ट १५०, एकूण १५,२५०, आणि वर एक महिन्याची ‘टेस्टिंग वॉरंटी’. घरी आल्यावर भाच्याने प्रोसेसरवरचा पंखा उतरविला, तेव्हा जुनी पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी झालेली होती. ती त्याने कापसाने पुसून काढली, नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवला, आणि पात्यांत बसलेली कोण जाणे किती उन्हाळ्यांची धूळ रंगाच्या ब्रशाने झाडली. त्या रात्री पडद्यावर पहिला डोंगर उमटला तेव्हा त्याची मामीसुद्धा स्वयंपाकघरातून हात पुसत पाहावयास आली.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहिण्याचे मनात आले, तो सांगतो. गेल्या पावसाळ्यात भाच्याने शिष्यवृत्तीतून वाचविलेल्या पैशांत एक नवा खेळ घेतला. खेळाचे अथवा त्याच्या निर्मात्यांचे नाव देत नाही, कारण माझी कैफियत कोणा एकाविरुद्ध नाही. चित्र १२८० बाय ७२० इतके लहान, पोत ‘लो’, गवत ‘लो’, सावल्या बंद, अशी तडजोड केल्यावर तो खेळ सेकंदाला सुमारे तीस फ्रेमच्या गतीने, म्हणजे डोळ्यांना न टोचेल इतपत, चालू लागला. दुसऱ्या रात्री आम्ही एका भग्न देवालयाच्या प्रांगणात पोहोचलो. मध्यभागी दगडी स्तंभ, भोवती वर्तुळाकार मांडलेल्या बारा शिळा, आणि त्यांतल्या तीन शिळा योग्य क्रमाने ढकलल्याखेरीज पुढचे दार उघडणार नाही असा संकेत. तीन रात्री आम्ही त्या प्रांगणात फिरलो. बारांतून तीन, आणि त्याही क्रमाने, म्हणजे एक हजार तीनशे वीस शक्यता होतात हे मी वहीत मांडले. शिळांवरच्या चिन्हांच्या आकृत्या काढल्या, त्यांचे अर्थ लावले, मोडले, पुन्हा लावले. आणि दर चुकीमागे भाच्याने देवालयाच्या पायथ्याशी परत जाऊन तेथवरची चढण नव्याने चढली. चौथ्या दिवशी त्याच्या वर्गातील एका मित्राने, ज्याच्या घरी नवे यंत्र आहे, सहज विचारले, “अरे, खांबाची सावली कुठे पडते ते पाहिलं नाहीस?”

सावली आमच्या यंत्रावर पडतच नव्हती. त्या रात्री भाच्याने सावल्यांचा पर्याय चालू केला, तसा खेळ सेकंदाला नऊदहा फ्रेमवर आला, चित्र अडखळत सरकू लागले, पंखा घरघरू लागला, आणि त्या अडखळत्या चित्रात स्तंभाची काळी रेघ आधी चौथ्या, मग अकराव्या, मग सातव्या शिळेवर जाऊन टेकताना आम्ही पाहिली. मी आकडे टिपले, त्याने सावल्या पुन्हा बंद केल्या, शिळा ढकलल्या आणि दार उघडले. त्याला आनंद व्हावयास हवा होता. तो म्हणाला, “मामा, कोडं आपल्याला सुटलं नाही असं नाही, ते आपल्याला दाखवलंच नव्हतं.”

ज्याने ते कोडे रचले त्याने ते मोठ्या प्रेमाने रचले होते, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. सूर्य, स्तंभ आणि शिळा यांचे ते नाते इतके सुंदर आहे, की कळल्यावर आम्ही थोडा वेळ नुसते बसून राहिलो. परंतु पर्यायांच्या यादीत ‘सावल्या बंद’ हे शब्द घातल्यावर, ते निवडून तो खेळ आरंभापासून अखेरपर्यंत एकदा कोणी खेळून पाहिला नव्हता, हेही तितकेच निश्चित. त्याच खेळातील लिखित मजकूर लहान चित्रावर इतका बारीक होई, की भाचा पडद्याला नाक लावून वाचून दाखवी तेव्हाच मला कथा समजे.

मराठी ग्रंथव्यवहारात ‘जनआवृत्ती’ नावाचा एक जुना व उदार शिरस्ता आहे. कापडी बांधणीची मूळ आवृत्ती ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी प्रकाशक तोच ग्रंथ हलक्या कागदावर, पातळ वेष्टनात, कमी किमतीत काढतो. कागद पिवळा पडतो, शिवण लवकर उसवते, रंगीत चित्र असेल तर ते काळेपांढरे होते, आणि वाचक या गोष्टींची कधी तक्रार करीत नाही. परंतु जनआवृत्तीत मूळ ग्रंथातील एक ओळ गाळलेली नसते, आणि तिची मुद्रिते मूळ आवृत्तीइतक्याच काळजीने तपासलेली असतात. मी स्वतः माझ्या तरुणपणी जे काही वाचले ते बव्हंशी अशाच आवृत्त्यांतून, आणि महाग प्रत वाचणाऱ्याहून मी काही वेगळे किंवा कमी वाचले आहे असे मला आजवर कधी वाटले नाही. आपल्या खेळातील ‘लो’ हा पर्याय म्हणजे आपल्या कलाकृतीची जनआवृत्ती होय, आणि तिची मुद्रिते तपासावीत, एवढेच माझे मागणे आहे.

हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही, कारण आपल्या कलेचा जन्मच मुळी टंचाईत झाला. १९८४ साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघा विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या संगणकाच्या अवघ्या बत्तीस किलोबाइट स्मृतीत ‘एलीट’ हा खेळ बसविला, ज्यात आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत दोनशे छप्पन्न ग्रह होते. आणि त्याच सुमारास आपल्या सरकारने शाळांतून संगणकशिक्षणाची ‘क्लास’ ही योजना सुरू केली, तेव्हा भारतीय मुलांपुढे ठेवण्यात आलेले यंत्र हेच बीबीसी मायक्रो होते. १९९३ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘डूम’ची कथा मला त्याहूनही अधिक हृद्य वाटते. ज्याचे यंत्र दुबळे असेल त्याला त्या खेळात एक कळ दाबून दृश्याची चौकट लहान लहान करीत नेता येत असे, अगदी पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढी उरेपर्यंत. आणि त्या पोस्टकार्डातही शत्रू तोच, दार तेच, वाट तीच असे. शिवाय नऊ टप्प्यांचा पहिला भाग कोणासही विनामूल्य खेळावयास मिळे, त्यामुळे आपल्या यंत्रावर खेळ चालतो की नाही हे पैसे देण्याआधीच समजत असे.

अलीकडचीही उदाहरणे आहेत. २०१५ साली संगणकावर आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ने आपली किमान अट २००७ च्या कोअर टू क्वाड प्रोसेसरवर ठेवली होती, म्हणजे आठ वर्षांच्या जुन्या यंत्रासही त्या एवढ्या विशाल नगरात प्रवेश होता. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने घडविलेली ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि तिघाचौघांच्या हातून उतरलेला ‘हॉलो नाइट’ हे खेळ आमच्या यंत्रावर निर्झरासारखे वाहतात. आणि आपल्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रथम काढला तो निन्टेन्डो स्विच या हातात मावणाऱ्या यंत्रावर, ज्याची शक्ती आमच्या जुन्या कार्डाहूनही कमी. त्याच स्विचवर २०१९ साली ‘विचर ३’सारखा अवाढव्य खेळ उतरविण्यात आला होता. याचा अर्थ असा, की दुबळ्या यंत्रासाठी काटकसरीने रचना करण्याची विद्या आपणांपाशी मुबलक आहे. जेथे यंत्र बनविणारी कंपनी तपासणीवाचून खेळास दाखला देत नाही तेथे ती पूर्णपणे प्रकट होते, आणि जेथे असा कोणी तपासनीस नाही, तेथे, म्हणजे घरोघरच्या संगणकांवर, तिचा विसर पडतो. मोबाइलवरचे खेळ करणाऱ्या आपल्या बांधवांना हे सांगावे लागत नाही. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ स्वस्तातल्या स्वस्त फोनवर चालतो, कारण तो तसा चालला नसता तर घराघरांत पोहोचलाच नसता.

आपला आक्षेप मला ऐकू येतो. नवी कल्पना नवे साधन मागते, आणि सर्व काळ सर्व जुन्या यंत्रांचे ओझे वाहावे लागले तर कला जागच्या जागी खिळून राहील. हे म्हणणे मला मान्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि त्यानंतर मे २०२५ मध्ये आलेला, त्या पोस्टकार्डाएवढ्या ‘डूम’चाच वंशज असलेला ‘डूम : द डार्क एजेस’, हे दोन्ही खेळ किरणांचा मागोवा घेणारी नवी कार्डे असल्याखेरीज चालत नाहीत, कारण त्यांतील प्रकाशाची सारी मांडणीच त्या यंत्रणेवर उभी आहे. निर्मात्याने विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय आहे, त्याने तो उघडपणे सांगितला आहे, आणि आमच्या कार्डास तेथे प्रवेश नाही हे समजल्यावर आम्ही मुकाट्याने पुढे गेलो. माझे दुःख त्या दारांविषयी नाही, जी बंद आहेत असे पाटीवर लिहिले आहे. ज्यांवर ‘या’ असे लिहून आत दिवा लावावयाचा राहून गेला आहे, त्यांविषयी आहे.

कोणी असेही म्हणेल, की जुन्या यंत्रावर जुने खेळ खेळावेत. ते स्वस्त आहेत व थोर आहेत. आम्ही ते खेळतोही. परंतु विशीतल्या मुलाला आपल्या काळाबरोबर चालावेसे वाटते. ज्या आठवड्यात सारा वर्ग एका खेळाविषयी बोलत असतो, त्याच आठवड्यात आपणही त्यात दोन वाक्ये बोलावीत ही इच्छा चैनीची नव्हे, ती सोबतीची आहे. माझ्या काळी नवा दिवाळी अंक वाचनालयात आपल्या नावे लागेतो मार्गशीर्ष उजाडत असे, आणि तोवर कचेरीतील त्यावरची चर्चा संपून गेलेली असे; ती रुखरुख मला अजून आठवते.

आणि हे यंत्र आम्ही बदलावे, असे म्हणणेही आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ आमच्या प्रोसेसराला स्वीकारत नाही; त्याच वर्षी एन्व्हिडियाने आमच्या कार्डाच्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुरूप ड्रायव्हर काढणे थांबविले. भाच्याने यंत्रावर लिनक्स बसविले, आणि व्हॉल्व्हने २०१८ साली काढलेल्या ‘प्रोटॉन’च्या साह्याने बरेचसे खेळ तेथे चालतातही, जरी काही सामुदायिक खेळांची फसवणूक-प्रतिबंधक यंत्रणा लिनक्स पाहताच आम्हांस दारातून परत पाठविते. नवे यंत्र घ्यावे म्हटले, तर २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी रॅमचा पुरवठा असा ओढून नेला, की भाव महिन्यागणिक चढत गेले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा छापच बंद करीत असल्याचे जाहीर केले. नव्या पिढीच्या एकट्या बऱ्यापैकी कार्डाची किंमत आमच्या संपूर्ण जमाखर्चाच्या जवळपास दुपटीस जाते. तेव्हा एस. पी. रोडवरची यंत्रे आणखी कित्येक वर्षे या देशातील मुलांच्या मेजांवर राहणार आहेत.

मागणे मोठे नाही. आपल्या प्रत्येक कार्यालयात, जेथे अत्युत्तम यंत्रे आहेत त्याच दालनात, एक जुने यंत्र ठेवावे. आठ जीबी रॅमचे, चार जीबीच्या कार्डाचे, बाजारातून पंधरा हजारांत आणलेले. आणि खेळ बाहेर पडण्यापूर्वी तो त्यावर, सर्व पर्याय खालच्या पायरीवर ठेवून, एका माणसाने अखेरपर्यंत खेळावा. कोठे सावलीवाचून अडते, कोठे अक्षर वाचवत नाही, कोठे अंधाऱ्या खोलीत दिव्याचे तेज उतरविल्यामुळे वाटच दिसेनाशी होते, हे त्यास आठवड्याभरात कळेल. जी सावली कोड्याचे उत्तर आहे, तिला शोभेच्या सावल्यांतून वेगळी काढून कायम राखावी. अक्षरांचा आकार चित्राच्या आकारावर अवलंबून ठेवू नये. एएमडीने जून २०२१ मध्ये काढलेली ‘एफएसआर’ ही युक्ती, जी चित्र लहान काढून मागाहून मोठे करते आणि प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डांवरही चालते, ती शक्य तेथे जरूर घालावी. आमच्यासारख्यांवर त्या युक्तीचे मोठे उपकार आहेत.

आणखी एक बाब, जी शहरात राहणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. निपाणीस भाच्याचे जे मित्र आहेत ते मोबाइलच्या दररोज दीड जीबी मिळणाऱ्या डेटावर भागवितात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा खेळ दीडशे जीबीचा आहे. म्हणजे दुसऱ्या कशासाठीही डेटा न वापरता तो उतरवावयास शंभर दिवस लागतील. २०१७ साली ‘फॉलआउट ४’च्या निर्मात्यांनी अतिसूक्ष्म पोतांचा अठ्ठावन्न जीबींचा भारा वेगळा बांधून ज्याला हवा त्याने घ्यावा अशी सोय केली होती. ज्याचा पडदाच लहान आहे, त्याच्या माथी तो भारा सक्तीने का मारावा? आणि खरेदीपूर्वी तासाभराचा नमुना उपलब्ध ठेवलात, तर ज्या मुलाने सहा महिने साठवून पैसे भरले त्याला, खेळाचे दोन तास भरण्याच्या आत निर्णय करून परतीचा अर्ज करण्याची जी धावपळ आज करावी लागते, ती टळेल.

हे मी विशेषेकरून बंगळूरच्या मंडळींना का सांगतो? १९९७ साली राजेश राव यांनी याच शहरात ध्रुव इंटरॲक्टिव्ह सुरू केली, तेव्हा या देशात हा व्यवसाय जवळजवळ नव्हताच. पुढे २०१९ साली ती रॉकस्टारच्या कुटुंबात गेली. २०१२ साली कर्नाटक सरकारने या क्षेत्रासाठी देशातील पहिले स्वतंत्र धोरण आखले. आज जगभर खेळल्या जाणाऱ्या कित्येक खेळांतील झाडे, वाहने, भिंती, वस्त्रे येथल्या चित्रकारांच्या हातची आहेत. ज्या शहरात ती भिंत घडते, त्याच शहरातील एका मुलाच्या पडद्यावर ती मातकट डाग होऊन उतरावी, आणि घडविणारा व पाहणारा यांच्यामध्ये अंतर असावे ते अवघ्या काही मैलांचे, हे मला सहन होत नाही.

तेव्हा शेवटची विनंती. असे यंत्र कार्यालयात आणणे खरेदी खात्याच्या मंजुरीअभावी लांबणार असेल, आणि लांबते हे मी चौतीस वर्षे पाहिले आहे, तर तोवर आमचे यंत्र आपल्या सेवेस हजर आहे. भाचा सकाळी साडेआठला कॉलेजात जातो आणि पाचपर्यंत परत येत नाही. त्या वेळात आपल्यापैकी कोणीही आपला अपुरा खेळ पेन ड्राइव्हवर घेऊन यावे आणि खुशाल खेळून पाहावे. तिसरी खुर्ची आहे. पंखा थोडा आवाज करतो. सावल्यांचा पर्याय आम्ही बंदच ठेवलेला आहे.



आपला,
एक निवृत्त हिशेबनीस